निसर्गाचा ताळेबंद

सायंकाळची आरती होते. ताम्हनांतील कापूर क्षणभर लखलखतो आणि विझतो. मागें धातूवर एक काळसर डाग उरतो, एवढेंच. "कापूर जळून गेला" असें आपण म्हणतों. तो गेला कोठें, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. चुलींत दिवसभर लांकडें घालावीं आणि रात्रीं सुपांत मावेल एवढी राख काढावी, हा अनुभवहि आमच्या वाचकांच्या घरांतील वडील मंडळींना नवा नाहीं. उलट, लोखंडाचा खिळा पावसांत गंजतो तेव्हां गंजासकट त्याचें वजन वाढलेलें असतें. पण गंजलेला खिळा सोनाराच्या कांट्यावर घालून पाहण्याचें कोणाला सुचणार? तात्पर्य, नुसत्या डोळ्यांनीं पाहिलें तर सृष्टींत एकीकडे द्रव्य नाहींसें होत आहे व दुसरीकडे तें नव्यानें उत्पन्न होत आहे, असेंच दिसतें. हें दिसणें फसवें आहे, आणि रासायनिक क्रियेंत द्रव्य कमीहि होत नाहीं व वाढतहि नाहीं, ही गोष्ट मनुष्याला कशी कळली, याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

अभावांतून भाव निर्माण होत नाहीं, हें मत फार जुनें आहे. आपल्याकडील सांख्यांचा सत्कार्यवाद कार्य हें कारणांत आधींच असतें असें सांगतो. ग्रीसमधील एपिक्यूरसच्या अनुयायांचें मतहि शून्यांतून कांहीं उपजत नाहीं असेंच होतें. या विचारवंतांच्या बुद्धीबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. पण मत आणि माप यांत अंतर आहे, हें विसरून चालणार नाहीं. वाण्यानें "माझ्या दुकानांत चोरी होत नाहीं" असें म्हणणें निराळें आणि वर्षअखेर वहीचा ताळा जुळवून दाखविणें निराळें. द्रव्याच्या बाबतींत हा ताळा जुळविण्याचें काम सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपांत झालें, आणि तें सरळ मार्गानें झालें नाहीं.

प्रश्नाची सुरुवात भस्मापासून झाली. आपले वैद्य कथील तापवून, घोटून त्याचें वंगभस्म करतात. युरोपांतील किमयागारहि कथील व शिसें उघड्या भांड्यांत तापवून त्यांची अशीच माती करीत असत. धातूची चकाकी गेली, तिची पूड झाली, म्हणजे तिच्यांतील कांहीं सत्त्व जळून गेलें असें वाटणें स्वाभाविक आहे. पण ज्यांनीं वजन करून पाहिलें त्यांना भस्म मूळ धातूपेक्षां जड भरलें. हें वाढीव वजन आलें कोठून? १६३० सालीं जाँ रे या फ्रेंच वैद्यानें एक लहानसें पुस्तक लिहून, तें हवेंतून आलें असें स्पष्ट सांगितलें. त्याचें म्हणणें मूळांत खरें होतें. परंतु तें सिद्ध करण्यासारखा प्रयोग त्याजपाशीं नव्हता, आणि पुस्तकाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

यानंतर रॉबर्ट बॉइल या थोर इंग्रज शास्त्रज्ञानें कथील कांचेच्या बंद पात्रांत घालून तापविलें, आणि १६७३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. येथें घडलेली चूक मोठी उद्बोधक आहे. पात्र तापवून झाल्यावर बॉइलनें त्याचें तोंड फोडलें. बाहेरची हवा सूं आवाज करीत आंत शिरली. आणि मग त्यानें वजन केलें. वजन वाढलेलें होतेंच. त्यावरून अग्नीचे सूक्ष्म कण कांचेंतून आरपार जाऊन धातूंत बसतात, असें त्यानें अनुमान काढलें. पात्र फोडण्यापूर्वीं जर त्यानें तें कांट्यावर ठेविलें असतें, तर तेथल्या तेथें त्याला निराळें उत्तर मिळालें असतें. हवा आंत शिरल्याचा आवाज त्यानें ऐकला, पण तिला कांहीं वजन खर्चीं टाकावें लागेल हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. एका तागडीची वेळ चुकली आणि शास्त्राचीं शंभर वर्षें गेलीं, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या शंभर वर्षांत जर्मन वैद्य स्टाल याच्या फ्लॉजिस्टनवादानें राज्य केलें. प्रत्येक ज्वलनशील पदार्थांत फ्लॉजिस्टन नांवाचें तत्त्व असतें व जळतांना तें बाहेर पडतें, असा हा वाद. आज त्याला हंसणें सोपें आहे. पण त्यानें पुष्कळ गोष्टींची संगति लावली होती. कोळसा जवळजवळ सगळा जळतो, म्हणजे तो फ्लॉजिस्टननें भरलेला. धातूच्या भस्मांत कोळसा घालून तापविलें कीं धातु परत मिळते, म्हणजे कोळशानें तिला तिचें फ्लॉजिस्टन परत दिलें. जळणें, गंजणें आणि श्वासोच्छ्वास या तिन्ही क्रिया एकाच जातीच्या आहेत, हेंहि या वादाला दिसलें होतें. अडचण एकच होती. धातूंतून कांहीं निघून जातें, तर तिचें वजन वाढतें कसें? कोणी ही गोष्ट क्षुल्लक मानून सोडून दिली. कोणी फ्लॉजिस्टनला वजनच उणें आहे अशी युक्ति काढली. वहीचा ताळा जुळेना म्हणून उणें नाणें पाडण्याचा हा प्रकार होता.

हवेलाहि हिशेबांत धरावें लागतें, ही जाणीव हळूहळू होऊं लागली होती. १७५६ सालीं स्कॉटलंडमध्यें जोसेफ ब्लॅक यानें मॅग्नेशियाच्या कार्बोनेटावर केलेले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तें तापविलें असतां जें वजन घटतें, तें बहुतांशीं त्यांतून निघून गेलेल्या एका विशिष्ट वायूचें होय, असें त्यानें तागडीच्या आधारें दाखविलें. याच वायूला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों. त्याच वर्षीं रशियांत लोमोनोसोव्ह यानें बॉइलचा प्रयोग पुन्हां केला. मात्र त्यानें पात्र न फोडतां वजन केलें, आणि तें वाढलें नसल्याचें त्याला आढळलें. एका पदार्थांत जितकी भर पडते तितकीच दुसऱ्यांत घट होते, हा विचार त्यानें १७४८ सालींच गणिती ऑयलर यास पत्रानें कळविला होता. पण त्याचें हें कार्य पश्चिम युरोपांत जवळजवळ अज्ञात राहिलें. म्हणून या सिद्धांताचें सर्व श्रेय एकाच्या पदरांत टाकणें अन्यायाचें होईल. तरीहि ज्यानें हा सिद्धांत रसायनशास्त्राच्या हाडींमाशीं भिनविला तो पुरुष एकच, आणि तो म्हणजे आंत्वान लव्हाझिए.

लव्हाझिएचा जन्म १७४३ सालीं पॅरिस येथें एका सधन वकिलाच्या घरीं झाला. त्यानें कायद्याची पदवी घेतली, पण मन रसायनांत रमलें. १७६८ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्याला शास्त्रांच्या राजकीय अकादमींत प्रवेश मिळाला. आणि त्याच वर्षीं त्यानें सरकारी करांचा इजारा घेणाऱ्या मंडळींत भागीदारी विकत घेतली. ही गोष्ट पुढें त्याच्या प्राणाशीं आली. मीठ, तंबाखू व शहरांत येणारा माल यांवरील कर हे इजारदार राजाला ठराविक रक्कम भरून वसूल करीत आणि वरचा नफा आपण ठेवीत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत मामलती इजाऱ्यानें देण्याची जी चाल वाढली, तिची आठवण असणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकास, अशा इजारदारांविषयीं प्रजेच्या मनांत काय भावना असेल हें सांगावयास नको. लव्हाझिएच्या प्रयोगशाळेंतील उत्कृष्ट कांटे या उत्पन्नांतून आले. आणि जमाखर्चाची नित्याची संवयहि त्याला याच धंद्यानें दृढ करून दिली असावी, असें आम्हांस वाटतें.

त्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग पाण्याचा. पाणी पुष्कळ दिवस उकळलें तर त्याची माती होते, असा तेव्हां समज होता; कारण कांचेच्या भांड्यांत पाणी आटविलें कीं तळाशीं थोडा पांढरा गाळ दिसे. लव्हाझिएनें वाफ पुन्हां खालीं येईल अशा आकाराचें बंद कांचपात्र घेतलें, आणि त्यांत पाणी एकशें एक दिवस सतत तापत ठेविलें. अखेरीस सबंध पात्राचें वजन पूर्वींइतकेंच भरलें. गाळ तर दिसत होता. मग त्यानें पाणी काढून रिकामें पात्र तोललें. तें हलकें झालें होतें, आणि त्याची तूट गाळाच्या वजनाच्या जवळपास होती. म्हणजे माती पाण्याची झाली नव्हती. कांच विरघळली होती. दोन हजार वर्षांच्या समजुतीचा निकाल असा तीन वजनांत लागला.

१७७२ सालीं त्यानें गंधक व स्फुरद जाळून पाहिले, आणि जळल्यावर त्यांचें वजन वाढतें असें त्याला आढळलें. शोधाचें महत्त्व ओळखून १ नोव्हेंबर रोजीं त्यानें एक मोहोरबंद टिपण अकादमीच्या चिटणिसाकडे ठेवून दिलें. १७७४ सालीं त्यानें बॉइलचा कथिलाचा प्रयोग हातीं घेतला. कथील बंद पात्रांत तापविलें. कांहीं भागाचें भस्म झालें आणि पुढें कितीहि तापविलें तरी क्रिया थांबली. पात्र न उघडतां वजन केलें: कांहींएक फरक नाहीं. मग तोंड उघडलें, हवा आंत शिरली, आणि आतां वजन वाढलें. ही वाढ व कथिलाच्या वजनांतील वाढ हीं मेळांत आलीं. अग्नीचे कण कांचेंतून आंत गेले असते तर न उघडलेलें पात्रच जड भरलें असतें. धातूनें आंतल्याच हवेचा एक भाग गिळला होता, आणि त्या जागीं बाहेरची हवा आली होती.

पण हवेचा हा भाग कोणता? याचें उत्तर त्याला दुसऱ्याकडून मिळालें. १ ऑगस्ट १७७४ रोजीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले यानें पाऱ्याचें तांबडें भस्म मोठ्या भिंगानें तापवून एक वायु मिळविला. त्यांत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळे. त्याच सालच्या ऑक्टोबरांत प्रीस्टले पॅरिसला आला असतां लव्हाझिएच्या घरीं जेवतांना त्यानें ही हकीकत सांगितली. स्वीडनमधील शीले यानेंहि हा वायु स्वतंत्रपणें, किंबहुना आधींच, मिळविला होता. लव्हाझिएनें आपल्या लेखनांत या दोघांचें ऋण जितक्या मोकळेपणानें मान्य करावयास हवें होतें तितकें केलें नाहीं, आणि हा त्याच्या कीर्तीवरील डाग आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. मात्र वायु हातीं लागूनहि प्रीस्टले अखेरपर्यंत त्याला फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवाच म्हणत राहिला. हाच ऑक्सिजन, म्हणजेच प्राणवायु, हें लव्हाझिएनें ओळखलें. आणि त्याला तें तागडीनें ओळखविलें.

त्याचा पाऱ्याचा प्रयोग तर पाठ्यपुस्तकांत अजरामर झाला आहे. त्यानें चार औंस पारा पन्नास घनइंच हवेच्या संपर्कांत ठेवून बारा दिवस जवळजवळ उकळीपर्यंत तापविला. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर तांबडे कण दिसूं लागले. बाराव्या दिवसानंतर ते वाढेनात. हवा बेचाळीस-त्रेचाळीस घनइंचच उरली होती. तींत ज्योत विझे व प्राणी गुदमरे. तांबडें भस्म गोळा केलें तें ४५ ग्रेन भरलें. फ्रेंच ग्रेन म्हणजे सुमारें ५३ मिलिग्रॅम. हेंच भस्म अधिक आंच देऊन तापवितां त्यांतून साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला, आणि सात ते आठ घनइंच प्राणवायु बाहेर आला. म्हणजे जितकी हवा गेली होती, जवळजवळ तितकीच परत आली. ती उरलेल्या निरुपयोगी हवेंत मिसळतांच पूर्ववत् साधी हवा तयार झाली. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू लिहून, शेवटीं मूळ भांडवल जागेवर असल्याचें दाखविणारा हा हिशेब होता. फ्लॉजिस्टनला त्यांत कोठेंच जागा उरली नाहीं.

१७८३ सालीं लाप्लासच्या साहाय्यानें त्यानें हायड्रोजन व ऑक्सिजन जाळून पाणी बनविलें, आणि १७८५ सालीं म्यूनिए याच्या मदतीनें पाण्याचें विघटन व संयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखविला. १७८९ सालीं त्याचा रसायनशास्त्राचा मूलग्रंथ प्रसिद्ध झाला. आपला सुप्रसिद्ध सिद्धांत त्यानें या ग्रंथांत कोठें सांगितला आहे? पहिल्या पानावर नव्हे, तर मद्य आंबण्याच्या प्रकरणांत, जातां जातां! साखरेचें मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होतांना, क्रियेपूर्वींचें व क्रियेनंतरचें द्रव्य सारखेंच असलें पाहिजे, आणि रसायनशास्त्राची सर्व प्रयोगकला या गृहीतावर उभी आहे, असा त्याचा आशय आहे. हें गृहीत आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. लव्हाझिएचीं सर्व मापें अचूक नव्हतीं. कित्येक आकडे तर त्यानें प्रत्यक्ष मोजलेच नाहींत, ताळा जुळला पाहिजे या भरंवशावर बाकीवरून काढले. कोणी याला लबाडी म्हणेल. आमच्या मतें ती दूरदृष्टि होती. कारण जेथें ताळा जुळत नाहीं तेथें निसर्गाला दोष न देतां आपलें पात्र कोठें गळतें हें शोधावें, अशी शिस्त त्यानें शास्त्राला लाविली.

या कार्यांत त्याच्या पत्नीचा वांटा विसरतां येणार नाहीं. मारी-आन पोल्झ हिचा विवाह १७७१ सालीं झाला तेव्हां ती अवघी तेरा वर्षांची होती. लव्हाझिएला इंग्रजी येत नसे. तिनें ती भाषा शिकून फ्लॉजिस्टनवादी कर्वन याच्या ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर केलें, आणि त्यावर पॅरिसच्या नवमतवादी मंडळींनीं खंडनात्मक टीपा लिहिल्या. मूलग्रंथांतील उपकरणांचीं चित्रें तिच्याच हातचीं. त्यांवरूनच हे प्रयोग कसे केले हें इतरांना पाहतां आलें.

मूलग्रंथ निघाला त्याच वर्षीं फ्रान्सांत राज्यक्रांतीचा भडका उडाला. लव्हाझिए सुधारणेच्या विरुद्ध नव्हता. नवीन सरकारच्या वजनमापांच्या समितींत त्यानें काम केलें, आणि आउई याच्यासह पाण्याच्या ठराविक आकारमानाचें वजन काळजीपूर्वक ठरविलें. किलोग्रॅम हें माप याच कार्यांतून पुढें आलें. १९५८ सालापासून आपल्या देशांत शेर-मणांच्या जागीं जें किलोचें वजन तागडींत पडूं लागलें, त्याच्या उगमाशीं या मनुष्याचा हात लागलेला आहे.

पण प्रजेला इजारदार विसरला नव्हता. १७९३ च्या नोव्हेंबरांत जुन्या इजारदारांना अटक झाली, आणि ८ मे १७९४ रोजीं अठ्ठावीस जणांना एकाच दिवशीं शिक्षा सांगून त्याच दिवशीं शिरच्छेदयंत्राखालीं देण्यांत आलें. लव्हाझिएचा सासरा त्यांतच होता. आरोपांपैकीं एक असा कीं, यांनीं वजन वाढविण्यासाठीं तंबाखूंत पाणी मिसळलें! ज्यानें आयुष्यभर वजनांतील फरकाचें खरें कारण शोधलें, त्याच्यावर वजन खोटें केल्याचा आळ यावा, हा दैवदुर्विलास होय. प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाहीं, असे उद्गार न्यायाधीशानें काढल्याची कथा सर्वत्र सांगतात; तिला समकालीन आधार नाहीं, म्हणून ती आम्ही खरी धरीत नाहीं. तशी कथा रचण्याची आवश्यकताहि नाहीं. इजारदारीनें गरिबाच्या मिठावर भार घातला हें खरें, आणि लव्हाझिए त्या नफ्याचा भागीदार होता हेंहि खरें. पण त्या दिवशींच्या न्यायालयानें प्रत्येकाचें खातें निरनिराळें तपासलेंच नाहीं. सगळ्यांची एकच बेरीज केली आणि वही मिटली. पुढें आलेल्या सरकारनें जप्त मालमत्ता त्याच्या विधवेला परत केली. गेलेलें द्रव्य परत मिळालें. गेलेला मनुष्य मात्र कोणत्याहि समीकरणानें परत येण्यासारखा नव्हता.

त्याचें गृहीत मात्र टिकलें. डाल्टननें १८०८ सालच्या ग्रंथांत त्याला अणूंचा आधार दिला: क्रियेंत अणूंची मांडणी बदलते, अणु नष्ट होत नाहींत. हें अगदीं तंतोतंत खरें आहे काय, हें पाहण्यासाठीं बर्लिनचा लांडोल्ट १८९३ पासून १९०८ पर्यंत चिकाटीनें झटला. दोन शाखांच्या कांचपात्रांत दोन द्रावणें निरनिराळीं ठेवून तो पात्र वितळवून बंद करी, वजन करी, मग पात्र कलतें करून द्रावणें मिसळी व पुन्हां वजन करी. प्रथम त्याला अल्पशी घट आढळूं लागली. दुसरा कोणी असता तर मोठ्या शोधाची घोषणा करून मोकळा झाला असता. लांडोल्टनें वर्षानुवर्षें शोध केला, आणि कांचेवरील दमटपणा व उष्णतेनें पात्राचें किंचित् फुगणें हेंच त्या घटीचें कारण असल्याचें दाखविलें. शेवटीं एक कोटीत एक भाग इतक्या सूक्ष्म मर्यादेपर्यंत त्याला फरक आढळला नाहीं.

हें काम चालूं असतांनाच, १९०५ सालीं, आइन्स्टाइननें वस्तुमान व ऊर्जा हीं परस्परांशीं निगडित आहेत असें दाखविलें. त्यानुसार एक किलो कोळसा जळून त्याची उष्णता निघून गेली कीं सुमारें एक दशलक्षांश ग्रॅमचा तिसरा हिस्सा वस्तुमान तिच्याबरोबर जातें. कोणत्याहि रासायनिक कांट्याला हें कळणार नाहीं. पण यानें लव्हाझिए खोटा ठरला असें समजूं नये. वहींत ऊर्जेचें एक नवें खातें उघडावें लागलें, इतकेंच. तें मांडलें कीं ताळा पुन्हां जुळतो.

आतां आपल्या कापराकडे वळूं. दहा ग्रॅम कापूर संपूर्ण जळाला तर तो हवेंतून सुमारें साडेअठ्ठावीस ग्रॅम प्राणवायु घेतो, आणि सुमारें एकोणतीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व साडेनऊ ग्रॅम पाण्याची वाफ होऊन देवघरांत पसरतो. म्हणजे 'गेलेला' कापूर आरतीपूर्वीं होता त्याच्या जवळजवळ चौपट वजनानें आपल्याभोंवतीं हिंडत असतो. घरांतील मुलानें "कापूर गेला कोठें?" असें विचारलें, तर त्याला गप्प बसवूं नये. बॉइलसारख्या थोर पुरुषाचेंहि भांडें उघडण्याची घाई झाली म्हणून चुकलें. न दिसणाऱ्या गोष्टीलाहि वजन असतें, आणि ती मोजल्याशिवाय हिशेब पुरा झाला असें म्हणूं नये, एवढें जरी त्या मुलाच्या मनावर ठसलें तरी या इतिहासाचें सार त्याला मिळालें असें आम्ही समजूं.